टणटणीचं कुंपण लावण्याआधी

'टणटणी ही आपली देशी वनौषधी. जनावर तोंड लावत नाही, पाणी लागत नाही, फुलपाखरं येतात. बांधावर लावा, फुकटचं कुंपण. नको झाली की तोडा.' हा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या जावळीत दोघांनी फांद्या रोवल्यासुद्धा, म्हणून लिहितोय.

टणटणी म्हणजेच घाणेरी. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. 19व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली, आणि बागांमधून रानात शिरली. आज्याच्या आधीपासून दिसते म्हणून ती देशी होत नाही.

जनावर तोंड लावत नाही, हे चारा असेपर्यंतच. बाजारातून नव्याने आणलेलं, ओळख नसलेलं जनावर उन्हाळ्यात भुकेपोटी खातं. पाल्यातल्या लँटाडीन या विषाने यकृत बिघडतं, जनावर शेण टाकेनासं होतं, डोळे पिवळे पडतात, आणि कातडीला ऊन सोसत नाही. माझ्या चुलत्यांच्या होल्स्टीन गाईचे काळे चट्टे शाबूत होते, पांढऱ्या भागाची कातडी मात्र भाजल्यागत सोलली. ऊन लागलं समजून पाणी मारण्यात दोन दिवस गेले. असं दिसलं तर जनावर सावलीत बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

फुलपाखरं येतात, ते खरं आहे. पण ती मधासाठी येतात. त्यांच्या अळ्यांना लागणारी झाडं आणि गवतं टणटणीच्या दाट जाळीखाली टिकत नाहीत.

आणि 'नको झाली की तोडा' हे तर सपशेल चूक. वरून तोडली की बुंध्यातून दुप्पट फुटते. वणव्यानंतरही फुटते. ओल्या मातीला टेकलेली फांदी मूळ धरते. काळी फळं बुलबुल आणि साळुंक्या खातात, म्हणजे तुमच्या बांधावरचं बी शेजाऱ्याच्या वावरात आणि वरच्या गायरानात पडतं. काढायचीच तर पावसाळ्यात, माती भुसभुशीत असताना, फळं धरायच्या आत काढा. बुंध्याभोवती उकरून सोटमूळ जमिनीखाली चार बोटं तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे बुंधा मातीला लागत नाही. रिकाम्या जागेत लगेच मारवेल किंवा पवना गवत लावा. पुढची दोन-तीन वर्षं उगवलेली रोपं उपटत राहावं लागतं.

कुंपणच हवं असेल तर निर्गुडी लावा. तिलाही जनावर सहसा तोंड लावत नाही. काटेरी हवं असेल तर करवंद आणि सागरगोटा आहेतच.