बिनअंड्याचं ऑम्लेट आणि आमचा कट्टा

ठिणगी बँकवाल्यानं टाकली. “आज घरी ऑम्लेट होतं.”

“श्रावणात?”

“टोमॅटोचं रे.”

“मग धिरडं म्हण की!” शेफ उसळला. हॉटेल मॅनेजमेंट केल्यापासून कट्ट्यावर हा शेफ. “बेसन, टोमॅटो, कांदा. अंड्याचा पत्ता नाही नि म्हणे ऑम्लेट!”

“आमची आजीही ऑम्लेटच म्हणायची.”

“आजीला सांग, फ्रान्समध्ये तीन अंडी, लोणी आणि मिनिटभर तवा. बाहेरून नुसतं पिवळं, आतून ओलसर. डाग पडला की नापास.”

सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या. काकांनी स्टीलच्या पेल्यात दोन अंडी फोडली, कांदा-मिरची-कोथिंबीर टाकून चमच्यानं खडखडवली आणि तव्यावर ओतली. चर्र! कडेला जाळी पडली. वरचं अंडं ओलं आहे तोवर फाडलेला पाव त्यावर उपडा दाबला आणि सगळं उलटवलं. कडा चांगलीच तपकिरी.

“हे नापास?” मी विचारलं. त्या कुरकुरीत कडेसाठीच तर मी इथे येतो.

“अरे, पांढरं साधारण 62 अंशांना घट्ट व्हायला लागतं, पिवळं 65च्या पुढे. तवा दीडशेच्या वर तापलेला. अंड्याचा चामडा होतो! आणि वर कांदा...”

“स्पेनमध्ये घालतात ना कांदा, बटाट्याच्या ऑम्लेटात?”

“घालतात. काही जण. त्यावरून तिथेही भांडतात.” इथे शेफ जरा नरमला.

इतका वेळ गप्प बसलेला मडगावकर म्हणाला, “रोस ऑम्लेट खाल्लंय का कुणी? संध्याकाळी गाड्यावर. ऑम्लेटवर शागुतीचा कढत रस्सा, भाजलेलं खोबरं नि खसखस वाटलेला. वर कच्चा कांदा, लिंबू, सोबत पाव.”

“म्हणजे ऑम्लेट बुडालं!”

“बुडवायलाच तर करतात. रस्सा चिकनचा, पण तुकडा मिळाला तर नशीब. मसाला प्यायचं काम अंड्याचं. तुझं ते ओलसर फ्रेंच ऑम्लेट रस्सा पडताच विरघळेल. तिथे चामडाच हवा.”

शेफला उत्तर सुचेना. अंडं हवंच, एवढ्यापुरता मी त्याच्या बाजूनं. पण मऊ की करकरीत, हे सोबत काय आहे त्यावर ठरावं. टोमॅटोवाल्याला मात्र माझ्याकडून माफी नाही.

त्याचं लक्षच नव्हतं. तो काकांच्या तव्याकडे टक लावून बघत होता.

“अमावास्या कधी आहे रे?”