बिनकठड्याच्या पुलाचा फॉरवर्ड

'इंग्लंडमधला हा कालव्याचा पूल बघा. दोनशे वर्षं कठडा नाही, दुरुस्ती नाही, वीस-वीस टनांच्या बोटी जातात, तरी एकही माणूस पडला नाही. आपल्याकडे मात्र जुना पूल दिसला की फलक लावायचा आणि हात झटकायचे!' पावसाळा लागला की हा मेसेज मुंबईतल्या ग्रुपांवर फिरू लागतो. काल मामांनी टाकला आणि खाली भाच्याने लिहिलं, 'म्हणूनच रविवारी मावळात जातोय.' आता गप्प बसवत नाही.

पूल इंग्लंडमध्ये नाही, वेल्समध्ये आहे. पाँटकिसिल्टे जलसेतू, म्हणजे लोखंडी पन्हळीतून कालवा नदीपलीकडे नेणारा पूल, थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचा, 1805 चा, डी नदीपासून 38 मीटर उंच.

कठडा नाही? फोटो बोटीच्या बाजूचा आहे. तिथे लोखंडी पन्हळीची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर, चालायला जागाच नाही. पायवाट दुसऱ्या अंगाला आहे आणि तिला कठडा आहे. बोटीच्या बाजूला कठड्यासाठी भोकं ठेवली होती, तो कधी बसवला नाही, एवढं खरं. पण 'कोणी पडलं नाही' ही थाप आहे. 2016 मध्ये एक तरुण तिथून पडून मरण पावला.

सगळ्यात अचाट मुद्दा बोटींचा. तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते आणि ते कालव्यात मागेपुढे पसरतं. वीस टनांची बोट आली की वीस टन पाणी पन्हळीतून निघून गेलेलं असतं, पुलावरचा भार होता तेवढाच राहतो. त्या पाण्याला सरकायला जागा हवी म्हणून तर पायवाट पन्हळीतल्या पाण्याच्याच वर उचलून धरली आहे. आपल्या जुन्या पुलांवरच्या माणसांचं तसं नाही. सेल्फीसाठी एका चौरस मीटरात चौघं दाटले की अडीचशे किलो वाढले, तेही एकाच अंगाला. दुचाक्या वेगळ्या. आणि जुन्या लोखंडी पुलाचा गंज सांध्यात, पाणी मुरतं तिथे, आतून खात असतो. वरचा रंग छानच दिसतो.

'दुरुस्ती नाही' तर सरळ खोटं. दोन्ही टोकांना फळ्या टाकून कालवा अडवतात, मधलं बूच काढून पन्हळीतलं पाणी नदीत सोडतात आणि रिकामी पन्हळ तपासतात. हे करणारी संस्था ठरलेली आहे, कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट.

फलक लावून हात झटकतात, हा टोमणा मात्र खोडता येत नाही. 15 जून 2025 ला मावळातल्याच कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल गर्दीसकट कोसळला, चौघं गेले. धोक्याचा फलक होता. वाट उघडीच होती.