राक्षसाच्या चपला

आमच्या फोंड्याच्या घरी रात्री साडेदहाला टीव्हीवर राक्षस येतो आणि सव्वादहाला बायको झोपायला जाते. जाताना "तुम्ही आणि तुमची ती माकडं" एवढं म्हणून दार लोटते.

माकड खरं तर एकच. १९५३ सालच्या 'रोबॉट मॉन्स्टर' या सिनेमातलं. यंत्रमानवाचा पोशाख परवडेना, म्हणून दिग्दर्शकाने गोरिलाचा पोशाख घरचाच असलेला नट गाठला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण चढवलं. झाला पृथ्वीचा संहारक! शूटिंग चार दिवसांत उरकलं. गुहेत त्याचं एक यंत्र असतं, त्यातून सारखे साबणाचे फुगे निघतात. का, ते कोणी विचारायचं नाही. पण श्रेयनामावलीत त्या फुगेयंत्राचं नाव आहे. आमच्या लग्नपत्रिकेत मांडववाल्याचंही नव्हतं.

१९५९ च्या 'द किलर श्रूज'मध्ये तर कुत्र्यांनाच केसाळ झुली घालून नरभक्षक चिचुंद्र्या केलंय. बिचारी कुत्री माणसं खायला धावतात, पण चेहऱ्यावर भाव बिस्किटाचा.

आई मात्र जागी राहून बघते. तिचं माहेर पेडण्याचं, दशावतारावर वाढलेली. "आमच्या संकासुराची सर नाही हो," म्हणते. "काळा झगा, लाल जीभ, बस्स. त्याला कशाला लागतात फुगे?"

माझं हे व्यसन वाड्यावरच्या मुलांना कळलं, आणि गेल्या दिवाळीला वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याचा तलवारीचा हात माझ्याकडे आला. "काका, तुमका राक्षसांचें सगळें कळटा." मी फुगलो. भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली, बांबूला बांधली, तारेने कोपर जोडलं. आठ दिवस घरात खळीचा वास आणि जेवणाच्या टेबलावर एक भलामोठा हात. बायको त्याच्या बोटांवरून आमटीचं पातेलं पुढे सरकवायची.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री हात असा फिरला की पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग एक सर आली. पावसातच चालायसाठी जन्माला आलेली ती मोटर पावसातच बंद पडली!

स्पर्धेचे परीक्षक कोपऱ्यावर आलेले. शेवटी कपडे वाळत घालायची दोरी कोपराला बांधली आणि मी नरकासुराच्या धोतरात शिरलो. आत ओलं गवत, डास आणि कोणाची तरी जुनी पॅन्ट. ओढ, सोड. ओढ, सोड. बाहेर टाळ्या. इतक्यात एक बारीक आवाज आला, "आई, पळय, राक्षसाक चपलां!"

हशा पिकला. मला १९५७ च्या 'द जायंट क्लॉ'मधला नायक जेफ मॉरो आठवला. शूटिंगच्या वेळी त्यातला राक्षसी पक्षी त्याला कोणी दाखवलाच नव्हता. तो त्याने थेट थिएटरात पाहिला. लोक हसायला लागले, तसा कोणी ओळखायच्या आत बाहेर सटकला. मला सटकताही येईना, दोरी सोडली असती तर तलवार परीक्षकांवर पडली असती.

बक्षीस पलीकडच्या वाड्याला गेलं. पहाटे कृष्ण झालेला पोरगा नरकासुराला जाळायला चूड घेऊन आला, तेव्हा गर्दीतून बायकोचा आवाज, "अरे थांबा, आमचे हे अजून आत आहेत!"

घरी येऊन न्हालो, तुळशीपाशी कारीट फोडलं, कडू बी जिभेला लावलं. आईने पुढ्यात फोवांची, म्हणजे पोह्यांची, ताटली ठेवली.

"हात बरा हलला," ती म्हणाली. "पण चपला काढून बसायचंस."