मोनोवायचा ‘दुसरा रहिवासी’

अमेरिकेतील एका गावाविषयीचा मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. नेब्रास्का राज्यातील ‘मोनोवी’ हे गाव दुष्काळात एकाएकी ओस पडले, तिथे एकटी वृद्धा चहूकडे चिटपाखरू नसताना राहते, ती स्वतःच स्वतःकडून कर घेते आणि स्वतःलाच दारूचा परवाना देते, गाव शेवटी लिलावात विकले गेले आणि 2020 च्या जनगणनेत तिथे एक अज्ञात दुसरा माणूस सापडला, असे त्याचे सार. यातील थोडे खरे आहे, म्हणून उरलेलेही खपून जाते. गावाच्या नावाचा उच्चार मात्र मोनोवाय असा आहे.

दुष्काळाच्या दाव्यापुढे जनगणनेचे आकडेच ठेवलेले बरे. 1930 साली गावात 123 माणसे होती. प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांवर, धुळीची वादळे उठली त्या भीषण दशकानंतर, 1940 साली, 99 होती. गाव रिकामे झाले ते त्यानंतर, सावकाश: 1950 मध्ये 67, 1990 मध्ये 6, 2000 मध्ये 2. टपाल कार्यालय 1967 मध्ये आणि शाळा 1974 मध्ये बंद झाली. मुळात 1902 साली रेल्वे आली म्हणून हे गाव वसले. घोडागाडीत धान्य घालून स्टेशनावर यावे आणि दिवस मावळण्याआधी घरी परतावे, एवढ्या अंतरावर त्या काळी स्टेशने ठेवली जात आणि प्रत्येक स्टेशनाभोवती धान्याचे कोठार, दुकान, चर्च असा संसार उभा राहत असे. ट्रक आणि पक्के रस्ते आल्यावर त्या अंतराला अर्थ उरला नाही. ट्रॅक्टरमुळे एका कुटुंबाला पूर्वीच्या अनेक कुटुंबांची जमीन कसता येऊ लागली. म्हणूनच एकटे मोनोवाय नव्हे, तर ज्या बॉइड काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात) ते येते, ती सारी काउंटीच ओसरत गेली: 1910 मध्ये 8,826 लोकसंख्या, 2020 मध्ये 1,810.

‘चिटपाखरू नाही’ हा समज ‘गाव’ या शब्दामुळे होतो. आपल्याकडे गाव म्हटले की शिवार आणि वाड्यावस्त्याही त्यात आल्या. नेब्रास्कातील ‘व्हिलेज’ हा स्थानिक संस्थेचा एक कायदेशीर प्रकार असून मोनोवायची हद्द चौरस मैलाच्या पाचव्या भागाएवढीच आहे. हद्दीपलीकडच्या शेतांवर माणसे राहतात, पण ती गावच्या लोकसंख्येत धरली जात नाहीत. ती आणि रस्त्याने जाणारे ट्रकचालक एल्सी आयलर यांच्या टॅव्हर्नमध्ये, म्हणजे दारू मिळणाऱ्या खानावळीत, जेवायला येत आले आहेत. मजकुरातील ‘एकटी वृद्धा’ ती याच. त्यांचे पती रूडी 2004 मध्ये वारले. त्यांनी जमवलेल्या सुमारे 5,000 पुस्तकांचे ग्रंथालय शेजारच्या एका लहानशा खोलीत आहे. आपल्या महसुली भाषेतला ‘बेचिराग’, म्हणजे दिवाही न लागणारे ओसाड, हा शब्द या गावाला लागू पडत नाही, कारण तिथे दिवा आहे, तोही सार्वजनिक.

कर आणि परवान्याची गोष्ट बरीचशी खरी आहे, फक्त ती थट्टा नव्हे. महापौर, कारकून आणि खजिनदार ही सारी कामे आयलरबाईंकडेच असल्याने दारू परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद टॅव्हर्नची मालकीण म्हणून त्या भरतात आणि गावाच्या वतीनेही त्याच हाताळतात. परवाना देणारी यंत्रणा मात्र राज्याची आहे. रस्त्यावरच्या 4 दिव्यांसाठी राज्याचा निधी मिळावा म्हणून त्या दरवर्षी रस्ते आराखडा सादर करीत आल्या आहेत. ही कागदपत्रे थांबली तर तो निधीही थांबेल.

विकले गेलेले गाव निराळे: वायोमिंगमधील ब्यूफोर्ड, 2012 साली, 9 लाख डॉलरना, एका व्हिएतनामी खरेदीदाराला.

आता तो ‘दुसरा माणूस’. 2010 च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या 1 होती, 2020 मध्ये ती 2 दाखवली गेली. पण आपल्याखेरीज गावात कोणी राहत नाही, हे आयलर यांनी तेव्हाच सांगितले होते. जनगणनेतून कोणाही व्यक्तीची माहिती उघड होता कामा नये, असे अमेरिकी कायद्याचे बंधन आहे. एकाच माणसाच्या गावात वय, वंश आणि लिंग यांचे तक्ते छापणे म्हणजे त्या माणसाचा अर्जच चव्हाट्यावर मांडणे होय. मोठ्या गावांतही अनेक तक्ते संगणकाने एकमेकांशी ताडून पाहिले तर व्यक्ती ओळखता येतात, हे लक्षात आल्यावर 2020 मध्ये जनगणना विभागाने लहान भागांच्या आकड्यांत मुद्दाम यादृच्छिक फेरफार मिसळले. राज्याची एकूण लोकसंख्या आणि घरांची संख्या यांना हात लावला नाही. पण गावाची डोकी एखाद-दुसऱ्याने इकडेतिकडे होऊ शकतात. कोट्यवधींच्या बेरजेत ही भर जाणवतही नाही, मोनोवायची लोकसंख्या मात्र तिच्यामुळे एका फटक्यात दुप्पट झाली. 2010 पर्यंत माहिती झाकण्यासाठी कुटुंबांच्या नोंदींची अदलाबदल केली जात असे, त्यात माणसांची संख्या तशीच राहत होती, म्हणून तेव्हाचा 1 हा मोजलेला आकडा आहे आणि नंतरचा 2 हा झाकलेला. तो चुकून पडलेला नसल्याने दुरुस्तही होणार नाही; 2030 ची मोजणी होईपर्यंत मोनोवायमध्ये कागदोपत्री दोघे राहणार.