कचऱ्याची प्रतवारी विहिरीच्या पाण्यावरून व्हायला हवी

पुण्याचा कचरा अनेक दशके उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत पडत राहिला, त्यातून झिरपलेले काळे पाणी जमिनीत मुरत गेले आणि आसपासच्या विहिरींचे व बोअरचे पाणी पिण्याच्या लायकीचे उरले नाही. ज्या गावांचे स्वतःच्या विहिरींवर भागत होते, तिथे टँकर सुरू करावे लागले. या डेपोबद्दल बोलणे होते ते बहुतेक वेळा दुर्गंधी, आगी आणि आंदोलने यांविषयी. मला त्याच्या मुळाशी असलेल्या प्रश्नावर लिहायचे आहे: कोणता कचरा कोणत्या जमिनीत पुरायचा, हे आपण कशावरून ठरवतो? माझ्या मते याची कसोटी एकच असायला हवी, ती म्हणजे त्या कचऱ्यातून पाण्यात काय उतरते.

कारखान्यांच्या कचऱ्यासाठी अशी कसोटी आपल्याकडे आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांत टीसीएलपी नावाची चाचणी आली. कचऱ्याचा 100 ग्रॅम नमुना घ्यायचा, त्यात वीसपट वजनाचे सौम्य ॲसेटिक आम्लाचे द्रावण घालायचे, बाटली 18 तास मिनिटाला 30 फेऱ्यांच्या वेगाने फिरवत ठेवायची आणि नंतर गाळलेल्या द्रवात शिसे, कॅडमियम, पारा किती उतरला ते मोजायचे. शिसे लिटरमागे 5 मिलिग्रॅम किंवा कॅडमियम 1 मिलिग्रॅम या मर्यादेपुढे गेले, की तो कचरा घातक ठरतो आणि त्याला तळोजा किंवा रांजणगाव येथे आहेत तशा खास सुविधांमध्येच जावे लागते. कचरा दिसतो कसा किंवा त्याला वास येतो का, याला इथे काहीही महत्त्व नाही, आणि म्हणूनच मला ही पद्धत मोलाची वाटते.

पण या आकड्यांचा उगम पाहिला की काळजी वाटू लागते. अमेरिकेत ही मर्यादा ठरली तेव्हा शिशाचे पिण्याच्या पाण्यातले प्रमाण लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमपर्यंत चालत असे. भरावातून, म्हणजे कचरा पुरलेल्या जागेतून, निघालेले पाणी विहिरीपर्यंत पोहोचेतो शंभरपट पातळ होईल, असे गृहीत धरून त्या आकड्याला 100 ने गुणले गेले आणि 5 ही मर्यादा आली. आज आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात शिशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम आहे. म्हणजे शंभरपट पातळ होण्याचे गृहीतक तंतोतंत खरे ठरले, तरी चाचणीत काठावर उत्तीर्ण झालेला कचरा विहिरीत आजच्या मर्यादेच्या पाचपट शिसे सोडू शकतो. पिण्याच्या पाण्याचे मानक कडक होत गेले, पण कचऱ्याच्या मर्यादेचा फेरविचार त्याबरोबर झाला नाही. तो झाला पाहिजे.

शिवाय ते शंभरपटीचे गृहीतक आपल्या जमिनीत कितपत टिकेल, याची मला शंका आहे. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी सगळीकडून सारखे पाझरत नाही. ते मुरमातून, भेगांतून आणि दोन थरांमधल्या सांध्यांतून वाट काढते. म्हणून एका विहिरीचे पाणी नासते आणि जवळचीच दुसरी गोड राहते. जिथे भेग थेट विहिरीत उतरते, तिथे पातळ व्हायला वावच मिळत नाही.

आता घरच्या कचऱ्याकडे येऊ. चाचणीत ॲसेटिक आम्लच वापरतात, कारण ओला कचरा कुजताना त्याच जातीची आम्ले तयार होतात आणि ती धातूंना विरघळवतात. घंटागाडीत भाजीच्या देठांबरोबर रिमोटचे सेल, फुटलेला सीएफएल दिवा, मुदत संपलेली औषधे आणि उंदीर मारायच्या औषधाची पुडी एकत्र पडली, की प्रयोगशाळेतल्या त्या बाटलीत जे 18 तास घडते, तेच डेपोत वर्षानुवर्षे घडत राहते आणि पावसाळा त्याला हवे तेवढे पाणी पुरवतो. ओले आणि सुके वेगळे करा, हे आपण खतासाठी आणि भंगारासाठी ऐकत आलो. त्याहून मोठे कारण पाण्याचे आहे, आणि ते नागरिकांना कोणी नीट समजावून सांगत नाही. एकदा मिसळलेल्या कचऱ्याची प्रतवारी पुन्हा करता येत नाही.

2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितले आणि त्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे, असेही म्हटले. आपल्या भागातले असे केंद्र कुठे आहे, हे किती जणांना सांगता येईल? त्याच नियमांनी शास्त्रोक्त भरावाच्या तळाशी 90 सेंटिमीटर घट्ट चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर घालायला सांगितले, आणि तिथे फक्त ज्याचा काहीच उपयोग होत नाही असा निष्क्रिय कचरा टाकण्याची मुभा दिली. जुन्या उघड्या डेपोंच्या तळाशी यातले काहीही नाही.

सध्या ठिकठिकाणी जुन्या ढिगांचे बायोमायनिंग, म्हणजे साचलेला कचरा उकरून आणि चाळून वेगळा करणे, सुरू आहे आणि ढीग उतरताना पाहून मलाही समाधान वाटते. मात्र चाळणीखाली उरणारी बारीक माती सखल जागा भरायला वापरली जाते, आणि ती माती वर्षानुवर्षे त्याच काळ्या पाण्यात भिजलेली असते. तिच्या प्रत्येक खेपेतले नमुने टीसीएलपीतून गेल्याशिवाय ती डेपोबाहेर जाऊ देऊ नये. नाहीतर एका गावातले प्रदूषण ट्रकमध्ये भरून आपण दुसऱ्या गावात नेऊन टाकू.

भरावाच्या हद्दीपासून 50 मीटरपर्यंतचे भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायचे, हेही 2016 च्या नियमांत होते. कातळातल्या भेगा पाहता 50 मीटर अपुरे आहेत, म्हणून ही तपासणी गावातल्या विहिरींपर्यंत नेली पाहिजे आणि प्रत्येक विहिरीचा अहवाल, धातूंच्या आकड्यांसह, त्याच गावात मराठीत लावला गेला पाहिजे.