नवा बंब कशाला, जुन्यालाच रंग मारा की

समजा तुम्ही मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी नगर परिषदेवर निवडून आलात आणि पहिल्याच सभेत कुणीतरी विषय काढला की आगीचा बंब लई जुना झालाय, नवा घ्या, तर अजिबात घाबरू नका. असं म्हणणारा माणूस एकतर फायरचा कर्मचारी असतो नाहीतर मागच्या उन्हाळ्यात ज्याची कडब्याची गंजी जळाली तो असतो, आणि दोघांनाही सभागृहात हात वर करता येत नाही. तुम्ही फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "नवा कशाला, आहे तोच नीट करून घेऊ की, जनतेचा पैसा आहे." सत्ताधारी माना डोलावतात, विरोधक पण डोलावतात. जनतेचा पैसा वाचवायला कोण नाही म्हणणार.

आता कारणं तयार ठेवा, कारण पेपरवाला विचारणार. सगळ्यात भारी कारण म्हणजे मीटर. गाडी वीस वर्षांची असली तरी किलोमीटर बघा, तुमच्या स्टँडवरची काळी-पिवळी दोन वर्षांत पळते तेवढे पण नसतात. फोटो काढा, व्हॉट्सॲपवर टाका, खाली लिहा "गाडी पळालीच कुठं?" लोकांना पटतं. मग एखादा शहाणा फायरमन पुढं येऊन सांगेल की साहेब, बंबाचं इंजिन पळून झिजत नाही, उभ्या जागेवर झिजतंय, आगीपाशी गाडी उभी करून पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला जोडणारा गिअर, लावला की तेच इंजिन पंप फिरवतं, तासन्‌तास रेसवर असतं आणि त्यातलं एक किलोमीटर पण मीटरवर चढत नाही. त्याला मधीच थांबवायचं. म्हणायचं, तुम्ही टेक्निकल बोलायलेत, हा धोरणात्मक विषय आहे.

एक अडचण मात्र आहे, ती आधीच सांगून ठेवतो. केंद्राचा नियम आहे, 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन चालत नाही, आणि त्यात नगरपालिका, ग्रामपंचायतीच्या गाड्या पण येतात. सूट दिलीय ती देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्यांना, बंबाचं नाव काही त्यात नाही. तुम्ही गाडीला कितीही रंग मारा, बॉडी बदला, टाकी बदला, आरसीवरची तारीख काय तरुण होत नाही. पण सायरन वाजवत आगीला निघालेली गाडी अडवून कागद मागायची छाती कोणत्या आरटीओत आहे सांगा बरं? चालू द्या. फक्त ड्रायव्हरला हे सांगू नका, नाहीतर तो विचारत बसतो की रजिस्ट्रेशन नाही म्हणजे इन्शुरन्स चालतोय का, आणि वाटेत कुणाला ठोकलं तर कोर्टात कुणी उभं राहायचं. कंत्राटी माणसानं एवढा लांबचा विचार करू नये.

तर ठराव झाला, आता काम. कामाचे तुकडे पाडायचे नाहीत, ते नियमात बसत नाही, म्हणून त्याला टप्पे म्हणायचं. पहिला टप्पा रंगाचा. ह्यात कंजुषी नको. जुना पत्रा जिथं जिथं सडलाय तिथं लांबी, म्हणजे गाडीची पुट्टी, भरायची, घासायची, परत भरायची. आमच्या बाजूला एका गॅरेजवर मी बघितलंय, एका दरवाज्याच्या खालच्या भागात पत्रा उरलाच नव्हता, सगळी लांबीच होती, मिस्त्रीनं बोटानं टिचकी मारून दाखवली तर लाकडावाणी आवाज आला, पण त्यावर लाल रंगाचे दोन हात बसले की शोरूमची गाडी वाटायली. वरून पिवळा पट्टा, मागं चमकणारा रेडियम, दोन्ही अंगाला नगर परिषदेचं नाव फूटभर अक्षरात. नंतर सायरन. जुना एकाच सुरात रडायचा, नवा पाच प्रकारे रडतो, वर निळ्या-लाल लाइटची पट्टी. ह्याचं बिल बघून विचारात पडू नका, लोकांना दिसतं ऐकू येतं तेवढंच काम झालं असं असतंय.

उद्घाटनाला तारीख आयतीच आहे, 14 एप्रिल. 1944 साली ह्याच दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले, म्हणून देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. हे भाषणात जरूर सांगा, दोन मिनिटं उभं राहा, आणि मग त्याच जवानांच्या नावानं लांबी भरलेल्या गाडीला नारळ फोडा. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती पण असते, गावात मिरवणुकीला बंब उभा लागतोच, म्हणजे गर्दीतल्या प्रत्येक माणसाला रंग दिसतो.

आता पंप. पंपाला हात लावू नका. हे मी कळकळीनं सांगायलोय. पंप गाडीच्या पोटात असतो, उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, आणि एकदा का तो उघडला की इंपेलर झिजलाय, ग्लँडचं पॅकिंग गेलंय, प्रायमर काम करंना, अशी यादी निघते. सेंट्रिफ्युगल पंप स्वतःहून पाणी ओढत नाही, आधी प्रायमरनं पाईपातली हवा काढावी लागते, आणि कुठं एक सुतभर जरी हवा शिरत असली तर तो नुसता गरगर फिरतो. हे तपासायचं म्हणजे सक्शनचं तोंड बंद करायचं, प्रायमर लावायचा, गेजचा काटा व्हॅक्यूमला जाऊन थांबतो का लगेच माघारी येतो ते बघायचं. पाच-दहा मिनिटांचं काम, पैसे लागत नाहीत, म्हणूनच कुणी करत नाही. तुम्हाला तर उत्तर पण तयार आहे. वरून ओढायच्या पंपाला निसर्गाचीच मर्यादा आहे, कागदावर दहा मीटर, प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास, त्याच्या खालचं पाणी जगातला महागातला महाग बंब पण ओढू शकत नाही. आणि आपल्याकडं मे महिन्यात विहिरीचं पाणी सात मीटरवर असतंय का? मग ओढायचा पंप दुरुस्त करून करायचं काय! बघा, दुष्काळ पण कामाला आला. कुणी म्हणालं की आता गावोगावी शेततळी झालीत, पाणी हाताशी आहे, सक्शन टाकला तर मिनिटात टाकी भरंल, तर त्याला पुढच्या सभेत विषय मांडा म्हणायचं.

टाकीचं वेगळं. टाकीत साडेचार हजार लिटर पाणी बसतं, म्हणजे साडेचार टन वजन, आणि ते वळणावर एका अंगाला जाऊ नये म्हणून आत आडवे-उभे पत्रे लावलेले असतात. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं टाकी सडते तशी आधी हे पत्रेच गळून पडतात. वेल्डरला आत उतरवून ते परत बसवायचे म्हणजे दोन-तीन दिवस, त्यापेक्षा बाहेरून गळकं ठिकाण बघून पट्टी मारणं सोपं, गळती थांबते. मग भरलेली गाडी वळणावर अशी झुलते की आत बसलेल्याला दाराची कडी सोडवत नाही. एवढं चालायचंच. तसंही ही टाकी आगीपेक्षा जास्त कशाला वापरतात हे तुम्हाला ठाऊक आहे, लग्नाला, सप्त्याला, नेत्याच्या सभेच्या मैदानावर धूळ बसवायला, झाडांना.

कुणी फारच वाद घातला की जुन्याचं नवं होतच नाही, तर त्याला लातूरची पाण्याची रेल्वे आठवून द्या. एप्रिल 2016 मधी मिरजेहून लातूरला जलदूत आली, तिच्या वाघिणी, म्हणजे रेल्वेच्या टाक्या, काही नव्या कोऱ्या नव्हत्या, राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन पिण्याच्या पाण्याला लायक केल्या होत्या. अख्ख्या लातूरनं ते पाणी पिलं. म्हणजे जुनं नीट करता येतं, हा आपल्याच भागातला पुरावा आहे. फरक इतकाच की त्यांनी त्या आतून धुतल्या होत्या, आपण बाहेरून धुतो.

आणि खरं सांगायचं तर बंब नीट करणं ही गोष्ट येडेपणाची नाहीच, हे मी सभागृहाबाहेर बोलायलोय. गाडी पंधरा वर्षांच्या आतली असेल, चासी धड असेल, इंजिन जुन्या पद्धतीचं असेल जे लातूर-नांदेडचा कोणताही मिस्त्री डोळे झाकून खोलतो, तर नवा पंप, स्टीलची टाकी, ब्रेकचं सगळं काम, नवी वायरिंग करून गाडी चांगली चालती. नव्या बीएस-सहाच्या गाडीला धूर साफ करायला युरिया लागतो, सेन्सर लागतात, एक सेन्सर रुसला की इंजिन ताकद कमी करतंय आणि कंपनीचा माणूस संभाजीनगरहून येईपर्यंत गाडी उभी. हा मुद्दा खरा आहे. पण असं नीट करायला अंदाजपत्रक नव्याच्या निम्म्याकडं जातं, वेळ लागतो, तोपर्यंत बदली बंब लागतो, आणि शेवटी एवढं करून फोटोत लालच दिसणार. म्हणून आपला मार्ग सोपा.

टायरकडं पण बघू नका. नक्षी शाबूत असते कारण गाडी फिरलेलीच नसते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, तिथं 2311 लिहिलेलं असलं म्हणजे तो टायर 2011 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, आणि त्याला पडलेल्या चिरांत नखं जातात. त्यावर काळं पॉलिश मारा. होज पाईपचं तर नावच काढू नका, घडी घालून ठेवलेल्या असल्या की सगळ्या सारख्याच दिसतात, पाणी सोडल्यावरच कळतं की तोटीपर्यंत निम्मं पोचतंय आणि निम्मं रस्ता धुतंय.

ब्रेक हवेचे असतात. उभ्या गाडीची हवा रात्रीतून उतरते, जुन्या गाडीची तर तासाभरात. मग आगीचा कॉल आला की ड्रायव्हर मामाशी काय बोलणं होतं ते ऐका.

"ओ मामा, निघा की! गावाच्या कडंला कापसाचं जिनिंग पेटलंय!"

"हवा भरू द्या जरा, काटा वर आला नाही अजून."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं धरा. बिनाहवेचं काढलं तर विझवायच्या आधी आपणच जिनिंगमधी घुसतो."

मामा बरोबर बोलतो, पण लोक मामालाच शिव्या देतात, आणि तुम्ही पण त्या गर्दीत उभं राहून दोन शिव्या दिल्या तर तुमचा जनाधार वाढतो.

आता जिनिंगची आग. मानवत, सेलू, परभणी पट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको, कापूस वरून विझला तरी आतून धुमसत राहतो, ढीग फोडून फोडून पाणी मारावं लागतं, रात्र जाते. आपल्या गाडीतलं पाणी मिनिटाला अठराशे लिटरच्या वेगानं मारलं तर अडीच मिनिटात संपतं, पण काळजी नको, आपला पंप तेवढ्या वेगानं मारूच शकत नाही, त्यामुळं पाणी पुरतं. मधल्या वेळात साखर कारखान्याचा बंब बोलवा, शेजारच्या तालुक्याचा बोलवा, पाण्याचे टँकर बोलवा, एमआयडीसी जवळ असली तर तिथला बोलवा. हे सगळे येईपर्यंत आपली गाडी पुढं उभी ठेवायची, लाइट चालू, सायरन चालू. गर्दीला धीर येतो.

नुकसान झालं, पंचनामा झाला, मग जिल्ह्यावरून कारणे दाखवा नोटीस येईल. त्याला घाबरायचं काय कारण नाही, खुलाशाचा मसुदा देतो, नाव-तारीख तेवढी बदला: "उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर अग्निशमन वाहनाची दुरुस्ती चालू आर्थिक वर्षात करण्यात आली असून वाहन सुस्थितीत आहे. घटनेची माहिती प्राप्त होताच वाहन तात्काळ घटनास्थळी रवाना करण्यात आले. तथापि आगीचे स्वरूप मोठे असल्याने." बस, वाक्य तिथंच सोडलं तरी चालतं, पुढचं कुणी वाचत नाही. फक्त "रवाना करण्यात आले" असंच लिहा. क्लार्क सवयीनं "पोहोचले" टाईप करतो, सही करायच्या आधी तेवढं बघून घ्या.