पहिल्याच दिवशी मार खायला लावते ती 'खरी' जिम?

'मुंबईत एमएमए शिकायचंय? फसू नका, हे वाचा' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे, लाथा आणि जमिनीवरची कुस्ती सगळं एकाच लढतीत. मला तो वेगवेगळ्या सात-आठ जणांनी पाठवला. त्यात एक ना दोन, आठ सल्ले आहेत आणि एक सोडला तर बाकीचे सगळे नवख्या माणसाला गोत्यात आणणारे आहेत. शाळेत असताना मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या तालमीत चार वर्षं घाम गाळला. ठाण्यात आल्यापासून गेली सात वर्षं एमएमए शिकतोय आणि आठवड्यातून दोनदा नवख्यांच्या बॅचला कोचच्या हाताखाली उभा राहतो. म्हणून हे लिहितोय.

मेसेजचा पहिला सल्ला असा: 'पहिल्या दिवशी स्पारिंग देतात तीच खरी जिम. हेडगियर घातलं की डोक्याला काही होत नाही. बाकी सगळीकडे नुसता व्यायाम.' स्पारिंग म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत, हेडगियर म्हणजे डोक्याला बांधायचं गादीचं कवच.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. त्याआधी तो दुसऱ्या एका जिममध्ये गेला होता, ती अशीच 'खरी'. वॉर्मअप झाल्या झाल्या त्याला ग्लोव्हज चढवले, हेडगियर बांधलं आणि चार-पाच वर्षं खेळणाऱ्या गड्यासमोर उभं केलं. दुसऱ्या राउंडला कानाच्या वर एक हुक (बाजूने फिरवून मारलेला ठोसा) बसला आणि तो गुडघ्यावर आला. कोच म्हणाला, पाणी पी आणि परत ये. तो परत गेलाही. रात्री लोकलने घरी निघाला, उतरायचं होतं भांडुपला, पण भान आलं ते ठाण्याच्या फलाटावर. हाताला हँड रॅप्स, म्हणजे ग्लोव्हजखालच्या पट्ट्या, तशाच गुंडाळलेल्या. तिथून त्याने आईला फोन केला आणि पाच मिनिटांत दोनदा विचारलं, "आई, मी जेवलो का गं?" मेंदूला हिसका बसला होता, असं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं.

हेडगियरने भुवई फुटत नाही, कान सुजत नाही. पण कवटीच्या आत मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून २०१३ मध्ये हेडगियर काढून टाकलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याच्याशिवायच लढले. डोकं वाचवायची ती खात्रीची ढाल असती तर ते काढायला कोण तयार झालं असतं? डोक्याला असा मार बसल्यावर त्या दिवशी परत मॅटवर जायचं नसतं, मग कितीही बरं वाटो. तोच तोच प्रश्न विचारणं, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी यातलं काही दिसलं तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. ज्या कोचला हे ठाऊक नाही त्याच्या हातात आपलं डोकं द्यायचं नाही, इतकं हे साधं आहे.

आणि मोठे फायटर रोज एकमेकांची डोकी फोडून तयार होतात हाही गैरसमज आहे. यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संस्थेतल्या मॅक्स हॉलोवेने कॅल्विन केटरविरुद्धच्या लढतीआधी आपण स्पारिंग करत नसल्याचं उघड सांगितलं होतं. १६ जानेवारी २०२१ ला अबुधाबीत त्याने केटरवर ४४५ ठोस फटके लगावले, यूएफसीच्या एका लढतीतला तो विक्रम ठरला. स्पारिंग लागतंच, मी नाही म्हणत नाही. पण ते हळूहळू चढवायचं असतं. आधी उभं राहणं, पाय हलवणं, पडायचं कसं आणि टॅप (हार मानल्याची थाप) कधी करायचं. मग ठरवून दिलेला एकच फटका आणि त्याचा एकच बचाव. मग १६ औंसाचे जाड ग्लोव्हज घालून, जो स्वतःचा हात आवरू शकतो अशा जुन्या माणसासमोर.

आमच्या तालमीत नवीन पोरगं आलं की आधी हौदा (कुस्तीची माती) खणायला लागायचं, जोर-बैठका मारायचं. पहिल्यांदा लाल मातीत उतरवताना वस्ताद मोठ्या पैलवानाला सांगायचे, "खेळव त्याला, पाडू नकोस." तो पैलवान स्वतः खाली पडून आम्हाला पट (पाय धरून पाडायचा डाव) काढायला द्यायचा. पाठीखालची मऊ माती आणि त्याचं ते मुद्दाम सैल सोडलेलं अंग मला अजून आठवतं. त्या तालमीला कुणी 'नुसता व्यायाम' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

दुसरा सल्ला: 'कोच स्वतः प्रोफेशनल फायटर नसेल तर उठून या.' लढलेल्या माणसाला दडपण म्हणजे काय ते कळतं, हे खरं. पण लढणं वेगळं, शिकवणं वेगळं. नावाजलेला कोच जॉन डॅनहर एमएमएची एकही प्रोफेशनल लढत लढलेला नाही. न्यू यॉर्कच्या तळघरातल्या मॅटवर शिकवत त्याने जॉर्ज सेंट-पिएरसारख्या चॅम्पियनचं जमिनीवरचं काम घडवलं. आपल्याकडचे कितीतरी वस्तादही स्वतः मोठं मैदान न मारलेले आहेत. बघायचं ते असं: कोच कोणाकडे शिकला ते बिनदिक्कत सांगतो का, त्याची दोन-तीन वर्षं जुनी पोरं अजून तिथेच आहेत का आणि त्यांचे गुडघे-खांदे धड आहेत का. कोच आपल्या लढतींचे आकडे सांगत असेल तर शेरडॉग किंवा टॅपोलॉजी या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर पाच मिनिटांत ताडून बघता येतात. जरूर बघा.

भिंतीवरचा ब्लॅक बेल्ट पाहून प्रवेश घ्या, असंही त्यात लिहिलंय. कशातला ब्लॅक बेल्ट, एवढं विचारा. ब्राझिलियन जुजुत्सूत (जमिनीवर पकडींनी खेळायची कुस्ती) पांढऱ्यावरून निळा, जांभळा, तपकिरी करत काळ्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं जातात. म्हणून चांगला जांभळा पट्टेवाला कोच मिळाला तरी नवख्याला तो पुष्कळ आहे. कराटेतला ब्लॅक बेल्ट मानाचाच, पण तो जमिनीवर पाठीवर पडल्यावर काय करायचं ते शिकवत नाही.

पुढचा सल्ला वाचून मला खरंच राग आला: 'मॅटला घामाचा वास येत असेल तर समजा इथे कष्ट होतात.' वास येतो म्हणजे मॅट पुसली जात नाही. मुंबईच्या दमट हवेत न पुसलेल्या मॅटवर गजकर्ण पसरायला वेळ लागत नाही. ही बुरशी आहे, अंगाला अंग घासून आणि मॅटवरूनही लागते. त्यात आपल्याकडे लोक मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम स्वतःच आणून लावतात. त्याने खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा आतून पसरत जातो. देशात आता नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारी गजकर्णाची जातही पसरली आहे. मला मांडीवर झालेलं घालवायला त्वचारोगतज्ज्ञांकडे तीन महिने फेऱ्या माराव्या लागल्या. तेव्हा जिममध्ये शिरल्यावर आधी हे बघा: प्रत्येक बॅचनंतर जंतुनाशकाने मॅट पुसतात का, बाथरूमला जाताना लोक चपला घालतात का, आणि अंगावर चट्टा असलेल्याला कोच 'डॉक्टरांना दाखवून मगच ये' म्हणून घरी पाठवतो का. तालमीतसुद्धा मातीत हळद, तेल, ताक घालतात. मातीची निगा राखणं हे तिथे रोजचं काम असतं.

'अंतर बघू नका, शहरातली सगळ्यात नामांकित जिमच धरा.' हे लिहिणाऱ्याने संध्याकाळी सात वाजता विरार लोकलमध्ये किट बॅग घेऊन चढून बघावं. शिन गार्ड, ग्लोव्हज, बदलायचे कपडे, ओला टॉवेल. आठवड्यातून तीन दिवस, वर्षभर. अंधेरीच्या नामांकित जिममध्ये नाव घातलेले नालासोपाऱ्याचे, डोंबिवलीचे किती तरी जण दुसऱ्या महिन्यात गळालेले मी पाहिलेत, आणि त्यांच्यात जिद्दीची कमी नव्हती. घरापासून किंवा ऑफिसपासून अर्ध्या तासावरची बऱ्यापैकी जिम, जिथे तुम्ही तीन दिवस खरंच जाल, ती धरा. वर्षाची फी एकदम भरायचा सल्लाही याच कारणासाठी ऐकू नका. तीन महिन्यांची भरा. परताव्याचे आणि दुखापतीत सवलतीचे नियम लिहून मागा.

'बायकांनी वेगळी सेल्फ डिफेन्स बॅच घ्यावी, मेन बॅच त्यांच्यासाठी नाही.' मुजफ्फरनगरची पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. ती काही चार रविवारच्या बॅचमधून तिथे पोचलेली नाही. बायकांची वेगळी बॅच असायला हरकत नाही, काहींना तिथेच सुरुवात करणं बरं वाटतं. पण मेन बॅचमधून बाईला बाजूला काढणारी जिम पुरुषांनाही आपल्या ताकदीवर ताबा ठेवायला शिकवत नसणार. तिथे जाऊन बघा, एखादी मुलगी वजनाने दुप्पट पुरुषाबरोबर रोल करते (जमिनीवर सरावाची कुस्ती खेळते) तेव्हा तो तिला दाबून टाकतो की तिच्या मापाने खेळतो.

शेवटचा सल्ला तेवढा बरोबर आहे: 'पैसे भरण्याआधी एक क्लास बघा.' पण त्याला पुढे जोडलंय, 'फार प्रश्न विचारणाऱ्याने बुद्धिबळ खेळावं.' याला माझं उत्तर त्या भांडुपच्या मुलाची आई आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती त्याच्याबरोबर आमच्याकडे आली, पूर्ण क्लास बाकावर बसून बघितला, मग कोचकडे गेली. नव्या मुलाला किती दिवसांनी स्पारिंगला उभं करता, कोणासमोर करता, आणि याच्या डोक्याला परत लागलं तर तुम्ही काय कराल, हे तीन प्रश्न तिने विचारले. पहिल्या दोन्हींची उत्तरं कोचने दिली. तिसऱ्याला त्याने रिसेप्शनच्या मागे लावलेला जवळच्या हॉस्पिटलचा नंबर दाखवला आणि तो तिच्या फोनमध्ये घालून दिला.